गोठ्यातलं लुगडं

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आयनं मला गोठ्यात बोलावलं आणि तिचं रोजचं हिरवं लुगडं माझ्या हातात दिलं. आदल्या दिवसापर्यंत ते तिच्या अंगावर होतं. शेणाचा, धुराचा, मिश्रीचा आणि खाचरातल्या चिखलाचा वास त्याला येत होता.

"नेस," ती म्हणाली.

ती स्वतः निळं नेसून तयार होती. दोनच लुगडी होती तिच्याकडं, एक रोजचं आणि एक सणाचं. सणाचं नेसून ती पुण्याला घमेली उचलायला चालली होती.

मी तेरा वर्षांची, अंगानं काटकी. नऊवार कितीही गुंडाळलं तरी उरायचंच. आयनं कंबरेला दोन घड्या मारून ओचा खोचला, पदर आवळला आणि मागं सरून बघितलं.

"बुजगावणं दिसतंयास," ती हसून म्हणाली.

पण चांदीनं मान वळवून माझा पदर हुंगला आणि पुन्हा गव्हाणीत तोंड घातलं, तशी आयचं हसू मावळलं. चांदी म्हणजे आमची म्हैस. कपाळावर पांढरा चांद होता म्हणून चांदी. आषाढात तिचं रेडकू मेलं, तेव्हापासून ती आयच्या हाताशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की दूध चोरायची. अशा म्हशीची धार काढणारं माणूस बदललं, की जुन्या माणसाचं लुगडं नव्यानं नेसायचं ही आमच्याकडची रीत. वास तोच राहिला पाहिजे.

"धुयाचं न्हाई," आय म्हणाली. "दिवाळीपातूर पान्याला दावायचं न्हाई. धार काढायची आनि खुटीला अडकवायचं. आनि हात हलका ठेव. वढायचं न्हाई, पिळायचं बी न्हाई. वरनं खाली उतरवायचं, जसं…"

जसं कसं, ते तिला सांगता येईना. मग तिनं माझा अंगठाच आपल्या मुठीत धरला आणि दोनदा उतरवून दाखवला. तिच्या तळहाताला चिखलानं भेगा पडलेल्या. त्या माझ्या नखाला अडकल्या.

मी बसले. पहिली धार चरवीच्या तळावर वाजली तेव्हा मला एवढा आनंद झाला की आय जाणार आहे हे मी विसरूनच गेले.

"आली की गं आये, आली!"

"व्हय," ती म्हणाली. "आता मला जायाला हरकत न्हाई."

चैत्रात दादा, म्हणजे माझे वडील कोंडिबा, भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपाची जागा भाजायला, टाळ तोडायला ऐनाच्या झाडावर चढले आणि फांदीबरोबर खाली आले. उजवा खुबा गेला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. एक महिना म्हणाला, मग दोन म्हणाला, मग यायचाच बंद झाला. राब अर्धाच भाजला, रोप अर्धंच उगवलं, तीन खाचरांतलं एक लागलं. तेही सावडीवर, म्हणजे मजुरी नाही, कामाच्या बदल्यात काम. लोक आमच्या लावणीला आले आणि दोन माणसांची सावड आयनं एकटीनं फेडली. माझी धाकटी बहीण बायजी सव्वा वर्षाची होती. तिला बांधावर इरल्याखाली ठेवून आय लोकांच्या खाचरात वाकायची. बायजी रडत बांधाच्या कडेला आली, की आय चिखलात उभी राहूनच तिला पाजायची. एका हातात पोर, एका हातात रोपाची जुडी.

मग पुण्यात पूर आला. पडलेली घरं बांधायला माणसं लागायला लागली आणि जयसिंग मुकादम आमच्या उरवड्यातून सात बाया घेऊन निघाला. काम दिवाळीपर्यंत, राहायचं तिथंच पत्र्याच्या शेडात. एक दिवस खाडा झाला की जागा गेली. अंगावरचं पोर चालणार नाही, हे त्यानं सगळ्यांत आधी सांगितलं.

म्हणून आठ दिवस आधीपासून आयनं छातीला कोरफडीचा गर लावला. बायजी तोंड लावायची, थुंकायची, आयच्या तोंडाकडं बघायची आणि परत तोंड लावायची. चौथ्या दिवशी तिनं तोंड लावलंच नाही. आपल्या हातानं आयचा पदर ओढून छाती झाकली.

आय निघाली तेव्हा शेजारची धोंडाआज्जी बायजीला कोंबड्या दाखवायला परड्यात घेऊन गेली होती. आय मागल्या दारानं गेली. वळून बघायचं नाही असं तिला आज्जीनं बजावलं होतं, आणि तिनं बघितलं नाही.

त्या दिवशी बायजी तिन्हीसांजेपर्यंत रडली. दादांनी अंबाडीचा दोर तिच्यापुढं नाचवला, धोंडाआज्जीनं गूळ चाटवला. मी धार काढून लुगड्यासकट घरात आले. बायजीनं माझा पदर धरला, नाकाशी नेला आणि हुंदका अर्ध्यावर सोडून दिला. मग माझ्या खांद्यावर मान टाकली.

"बग," दादा बाजल्यावरून म्हणाले, "म्हशीवानी हिला बी कळतंय."

धोंडाआज्जी दारात बसून तपकीर ओढत होती. ती आमची चुलत आज्जी. बोलणं कातरीसारखं. "आज आसूं दे," ती म्हणाली. "पर उद्याधरनं लुगडं खुटीला. गोठ्यातलं गोठ्यात ऱ्हाऊं दे, रत्ने."

"का गं आज्जी?"

"का म्हंजी? म्हस येडी जात हाय. तिला फशिवलं तर दूध देती. पोराला फशिवलं तर काय देईल, सांग?"

मला ते तेव्हा पटलं नाही. मला तेव्हा सगळंच येत होतं ना. सातवीत मी शाळेत पहिली होते. श्रावण लागताच शाळा तपासायला दिपोटी साहेब आले तेव्हा नव्या महाराष्ट्राचा नकाशा मी फळ्यावर न बघता काढला होता, चांद्याच्या टोकासकट, आणि साहेबांनी पिरंगुटच्या सगळ्या शाळेसमोर टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. धार काढणं, भाकऱ्या थापणं, दादांना कुशीवर वळवून पाठ पुसणं, चांदीचं शेण, बायजीची शी, आणि मग दप्तर घेऊन पिरंगुटपर्यंत पळत जाणं. एवढं सगळं मी करते याचं मलाच कौतुक वाटायचं. आणि कंबरेवर बायजी, अंगावर नऊवार, अशी दारात उभी राहिले की येणारीजाणारी म्हणायची, "सारजाबाईच उभी हाय जनू." सारजा म्हणजे आय. मला ते गोड लागायचं. लुगडं खुंटीला गेलंच नाही. शाळेतून आले की परकर-पोलक्यावर मी ते नेसायचे, ते सकाळपर्यंत.

"थंडी वाजती गं, आज्जी," मी म्हणायचे.

"थंडी वाजती, का बाई झाल्यागत वाटतंय?"

आयचा निरोप भैरू आणायचा. भैरू घरोघरचं दूध गोळा करून दोन किटल्या सायकलला लावून पुण्याला न्यायचा. आयचं काम त्याच्या वाटेवर होतं. तिनं सांगितलेलं तो शाळेतल्या पाढ्यासारखं घडाघडा म्हणून दाखवायचा.

"सारजाबाईनं सांगितलंय, म्हशीला पेंड भिजवून घाला. कोंडिबाला पाटीला येरंडीचं पान बांधा. पोरीच्या कानात तेल घाला, टाळूवर बी घाला. रत्नीनं शाळा बुडवायची न्हाई. येवढं झालं. आनि इचारलंय, पोरगी माझी आठवन काढती का?"

हा शेवटचा प्रश्न दर वेळी असायचा. सुरुवातीला मी जे खरं ते सांगायचे. दाराकडं बघत बसते, मागल्या दारात जाऊन हाका मारते. भैरू म्हणायचा, हे ऐकलं की सारजाबाई घमेलं खाली ठेवते, डोळे पुसते आणि मग दिवसभर दुप्पट ओझी वाहते.

पोळ्याच्या सुमाराला बायजी पहिल्यांदा चालली. भिंत सोडून चार पावलं टाकली आणि माझ्या ओच्याला येऊन मिठी मारली. "आय," म्हणाली.

मी वाकून तिला उचललं. बाजल्यावर दादांचे दोर वळणारे हात थांबले.

"अक्का म्हन," ते म्हणाले. "बायजे, ती अक्का हाय. अक्का."

"आय," बायजी म्हणाली आणि माझ्या गालाला गाल लावला.

"शिकव तिला, रत्ने."

"शिकवीन की," मी म्हणाले. पण शिकवलं नाही. खरं सांगायचं तर मला ते ऐकावंसं वाटायचं. शाळेत साहेबांनी वाजवलेल्या टाळ्यांपेक्षाही ते मोठं होतं. मी आत कुठूनही हाक ऐकली की "ओ" द्यायचे.

तेव्हापासून भैरूला मी खोटं सांगायला लागले. "व्हय, लई आठवन काढती म्हनावं."

गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी आय आली. जयसिंग मुकादमाच्याच घरी गौरी होत्या म्हणून त्या दिवशी काम बंद होतं. ती चालत, मग एका बैलगाडीत, मग पुन्हा चालत आली होती आणि रात्रीच्या आत तिला परत पोचायचं होतं. चुन्यानं बोटांची टोकं खाल्ली होती. निळ्या लुगड्यावर पांढरे डाग.

बायजी नुकतीच झोपली होती.

आय हातपाय न धुताच तिच्याकडं निघाली. धोंडाआज्जी आडवी झाली. "उठवू नको, सारजे. आत्ता कुटं इसरलीया अंगावरचं. तुला बगितलं की पुन्यांदा मागंल. तू काय, घटकाभरानं जाशील. मग रातभर कोन ऐकंल?"

"नुसतं बगते, आत्याबाई."

"बग की. लांबनं बग."

आय गोधडीच्या कडेला बसली. तिनं बायजीचं पाऊल हातात घेतलं नाही, नुसती तिच्या तळपायाशी बोटं नेली आणि तिथंच ठेवली. "चालती म्हनं," ती म्हणाली. "भैरूनं सांगितलं."

"पळती आता," मी म्हणाले. "अंगनात कोंबडीमागं पळती. दात बी आले दोन, दाढंचे. आनि आये, तिला मऊ भात आवडत न्हाई, कोरडा लागतो. आनि झोपताना…" मी बोलतच राहिले. आय ऐकत होती, जसं एखादं माणूस दुसऱ्याच्या गावची हकीकत ऐकतं. बोलता बोलता मला दिसलं, की तिच्या निळ्या चोळीवर दोन ओले गोल उमटले होते. सव्वा महिना झाला होता. तिनं पदर पुढं ओढला.

मग ती उठली, दादांना कुशीवर वळवलं, त्यांची पाठ बघितली. "चांगली ठेवलीया," म्हणाली.

दादा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "त्या दिशी झाडावनंच सपलो आसतो, तर तुला एक काम तरी कमी झालं आसतं."

"पडून पडून ह्येच सुचतं तुमाला," आय म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "तू लुगडं दिवसाचं बी नेसती व्हय?"

मी म्हणाले, "आत्ता धार काढायची होती."

दुपार होती. धारेची वेळ नव्हती. तिला ते कळलं. पाव तास बसली असेल. नदीच्या वळणापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. परत आले तेव्हा बायजी उठून दारात बसली होती आणि मला बघून तिनं दोन्ही हात वर केले.

दसऱ्यानंतर शाळा सुटली ती सुटलीच. आधी एक दिवसाआड जायचे, मग आठवड्यातून दोनदा. बायजी मला सोडेना. मी दप्तर उचललं की ती जमिनीवर पडून श्वास कोंडायची, ओठ निळे पडायचे. दादा बाजल्यावरूनच तिच्या तोंडावर पाणी मारायचे. मी म्हणायचे, आय आली की जाईन. दिवाळीला आय येणारच आहे. सातवीची परीक्षा चैत्रात.

एके दिवशी संध्याकाळी मी चांदीखाली बसले होते. गोठ्याच्या तोंडाशी सायकल थांबली. आमचे गुरुजी होते. त्यांनी आत अंधारात वाकून बघितलं आणि म्हणाले, "बाई, रत्ना घरात आहे का? परीक्षेचे फॉर्म भरायचे आहेत. चार दिवस राहिलेत."

मला पहिल्यांदा हसू आलं. मग मी माझे हात बघितले, कोपरापर्यंत शेण. कंबरेवरचा ओचा, डोक्यावरचा पदर, पाठीला बांधलेली बायजी. मी पदर आणखी पुढं ओढला.

"न्हाई. रानात गेलीया."

"सांगा तिला," गुरुजी म्हणाले. "हुशार मुलगी आहे. हातची घालवू नका, बाई." आणि ते गेले. फॉर्मचे चार दिवसही गेले.

वसुबारसेला आय आली. त्या दिवशी गाईवासरांना ओवाळतात. आमच्याकडं गाय नव्हती, रेडकूही नव्हतं, तरी धोंडाआज्जीनं चांदीच्या कपाळाला हळद लावली होती. आयच्या हातात बायजीसाठी लाल झबलं आणि काचेच्या चार बारीक बांगड्या होत्या. अंगावर तेच निळं लुगडं, आता नावालाच निळं राहिलेलं.

बायजी माझ्या कडेवर होती. आयनं अंगणातूनच हात पसरले.

"ये गं, माजी बाय. ये."

बायजीनं तिच्याकडं बघितलं. मग मान फिरवून माझ्या खांद्यात तोंड खुपसलं.

"लाजतीया," धोंडाआज्जी म्हणाली.

आयनं तिला माझ्याकडून ओढून घेतलं. बायजी ताठ झाली. अंगाची काठी करून मागं वाकली आणि असं किंचाळली, की दादा बाजल्यावर उठून बसायला गेले आणि ओरडून परत पडले. बायजीचे दोन्ही हात माझ्याकडं होते. "आय! आय!"

आयला वाटलं आपल्यालाच म्हणते. क्षणभर तिचं तोंड उजळलं. "हाय गं, हाय मी," ती म्हणाली. मग तिनं बायजीच्या हातांकडं बघितलं, ते कुणाकडं आहेत ते बघितलं.

आयनं तिला माझ्या कडेवर ठेवलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "रत्ने, माजं लुगडं दे."

मी आत जाऊन सोडलं. ती ते नेसली, पदर घेतला, बायजीच्या पुढ्यात उकिडवी बसली. बायजी पुढं आली. पदर धरला, नाकाशी नेला. तिनं हुंगलं, वर आयच्या तोंडाकडं बघितलं, परत हुंगलं. मग पदर सोडून दिला आणि परकरातल्या मला शोधत आली. तीन महिने ते लुगडं माझ्या अंगावर होतं. त्याला आता माझाच वास होता.

"मी सांगितलं हुतं," धोंडाआज्जी म्हणाली, पण हळू.

आयनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं विचारलं फक्त, "भैरूजवळ तू काय निरोप धाडत हुतीस?"

मी बायजीला उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवसापासून भात कापणी होती. आंबेमोहर पिवळा पडून आडवा व्हायला लागला होता. आय पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत खाचरात. पोराजवळ बसून त्याची ओळख काढायला वेळ कुठला? ती येता जाता प्रयत्न करायची. भारा टाकायला आली की लांबून हाक मारायची, ओंबी तिच्यापुढं हलवायची. बायजी माझ्यामागं लपायची. एकदा आयनं तिला उचलून खाचरावर नेलं. बायजी तिच्या हातातून निसटली आणि धसकटांवर पडली. गुडघा सोलला, हनुवटीतून रक्त आलं. बांधावरच्या बाया म्हणाल्या, "आगं, तिच्या आयकडं दे तिला." आणि लगेच जिभा चावल्या.

पाडव्याच्या दिवशी आय मला म्हणाली, "तू दिसंनाशी व्हो."

"म्हंजी?"

"घरामागं जा, पेंढ्याच्या गंजीआड. मी बोलवल्याबिगर यायचं न्हाई. ती रडंल, रडूं दे. तू दिसली न्हाई की माज्याकडं येईल. दुसरं कोन हाय तिला?"

मी गेले. गंजीला पाठ लावून बसले. नव्या पेंढ्याचा गोड वास येत होता आणि पाठीला कुसळं टोचत होती. आधी काहीच नाही. मग बायजीची हाक आली, नेहमीसारखी, सहज. "आय." मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग मोठ्यानं. मग अंगणभर फिरून, दाराशी, गोठ्याशी, परड्याशी. परड्याच्या कुडापलीकडं, माझ्यापासून वीतभर अंतरावर ती येऊन उभी राहिली. मला फटीतून तिचं लाल झबलं दिसत होतं. मागून आय हळूहळू म्हणत होती, "ही बग आय. हितं हाय. मी हाय न्हवं? हिकडं बग, बायजे." आवाज इतका गोड आणि इतका लाचार, की मी कानात बोटं घातली. बोटांतूनही ऐकू येत होतं.

कितीतरी वेळ. सावली गंजीच्या या अंगाहून त्या अंगाला गेली. बायजीचा आवाज फुटला, मग घोगरा झाला, मग नुसती हवा. आयचा आवाज त्याच्याही आधी थांबला होता.

तिनं बोलावलं नाही. मीच उठून गेले. बायजी उंबऱ्यावर झोपली होती, दगडावर गाल ठेवून, मुठी मिटून. आय तिच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. मांडी घालून, ती मांडी रिकामीच.

"आली न्हाई," ती म्हणाली.

मग तिनं चरवी उचलली आणि गोठ्यात गेली. लुगडं बदलायचं भान तिला राहिलं नाही. तिनं निळंच नेसलं होतं, चुन्याचं, पुण्याचं. मी मागून जाऊन म्हणाले, "आये, त्यात ती द्यायची न्हाई. हिरवं नेस." तिनं ऐकलं नाही. ती खाली बसली, चांदीच्या कुशीला कपाळ टेकवलं आणि कासेवर नुसता हात ठेवला.

चांदीनं रवंथ थांबवला. मान वळवून तिच्या पाठीवर एकदा लांब जीभ फिरवली. आणि पान्हा सोडला. असा, की माझ्या हाताला तीन महिन्यांत कधी आला नव्हता. धार चरवीत घुमायला लागली, फेस काठाला आला.

"हिला ठावं हाय," आय म्हणाली. "हिला लुगडं बी लागलं न्हाई."

धार संपली. सड रिकामे झाले तरी ती उठली नाही. कपाळ तसंच म्हशीच्या अंगाला टेकलेलं. मी चरवी तिच्या पायाजवळून काढून घेतली, नाहीतर ती सांडली असती.

कापणी, झोडणी चार दिवसांत आटपली. एका खाचराचं भात ते केवढं, दादांच्या बाजल्याशेजारी कणगीच्या तळाला बसलं. धोंडाआज्जीनं आत हात घालून बघितलं आणि झाकण ठेवलं. त्याच दिवशी भैरूनं सांगितलं, जयसिंग मुकादमाचं काम वाढलंय, उन्हाळ्यापर्यंत चालेल, येणार असली तर उद्या ये.

ह्या खेपेला मागल्या दारानं जायचं कारण नव्हतं. आय पुढल्या दारानं निघाली. हिरवं लुगडं तिनं गोठ्यातल्या खुंटीवर ठेवलं होतं. मला नेस म्हणाली नाही, नको नेसू असंही म्हणाली नाही. दादा म्हणाले, "सारजे, आठ दीस ऱ्हा. पोर वळखंल."

"आठ दिसांत वळखंल, मग नवव्या दिशी मी जायाची," आय म्हणाली. "पुन्यांदा कोरफड कोनाला लावू?"

मी बायजीला घेऊन अंगणात उभी होते. "मी परकरातच ऱ्हाते, आये," मी म्हणाले. "मी तिला अक्का म्हनायला शिकवीन. रोज शिकवीन. देवाशपथ."

आयनं बायजीला माझ्याकडून घेतलं. बायजी ताठ झाली, पण तिचा घसा बसलेला, रडायला आवाज नव्हता. आयनं तिची टाळू हुंगली. मग तिला खाली उभी केली, तिचे खांदे धरून माझ्याकडं वळवलं आणि पाठीवर हळूच थाप मारली.

"जा," ती म्हणाली. "आयकडं जा."

बायजी धावत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिरवं लुगडं नेसून चांदीखाली बसले. तिनं पदर हुंगला आणि पाय आपटला. हलक्या हातानं, वरून खाली, जसं शिकवलं होतं तसं मी उतरवत राहिले. चार थेंब आले. चांदी माझ्या डोक्यावरून बाहेर वाटेकडं बघत होती.

भैरू किटल्या लावून अंगणात उभा होता.

"किती हाय आज?"

"न्हाई. चोरलं तिनं."

"देईल दोन दिसांनी," तो म्हणाला. त्यानं पायडलवर पाय ठेवला, मग काढला. "निरोप काय सांगू? ती इचारंल, पोरगी…"

बायजी माझ्या कडेवर होती. एक हात माझ्या मानेत, दुसऱ्या हातात पदराचं टोक.

"पोरगी बरी हाय म्हना," मी म्हणाले. "येवढंच सांगा."